फाटकावर एकच हाक

१

आमच्या गावात सगळे ओरडून बोलतात. सापेले शहरातून पहिल्यांदाच बस घेऊन आलेला ड्रायव्हर हमखास विचारतो, "काय झालं? कुणी गेलं का?" कुणी गेलेलं नसतं. दोन बायका मिरच्यांचा भाव करत असतात.

गावाचं नाव उग्बोरु. माझी सासू सांगायची, आधी इथे गाव नव्हतंच. रबराची झाडं होती, मधे मधे कसाव्याची शेतं होती आणि एक ओढा होता. मग कंपनीची माणसं आली. त्यांनी झाडांवर चुन्याच्या खुणा केल्या आणि ज्यांची झाडं होती त्यांना थोडंफार देऊन गप्प बसवलं. रिफायनरी उभी राहिली आणि तिच्या भिंतीला धरून आम्ही आलो. आधी वेल्डर आणि पंपवाले आले, मग त्यांच्या बायका, मग त्या बायकांना मासे विकणाऱ्या बायका. बिअरची दुकानं आली, दोन चर्च आली. गल्ल्यांना धड नावं द्यायलाही कुणाला सवड नव्हती. टाकीगल्ली, पाइपगल्ली, मागचं फाटक, एवढ्यावरच भागलं.

रिफायनरीचा आवाज कधी थांबायचा नाही. तो कानात यायचा नाही, जमिनीतून पायात यायचा. हंड्यातलं पाणी सारखं थरथरत असायचं. कंपनीनं पुरुषांना कानात घालायला पिवळे बोळे दिले होते. आम्ही ते पामतेलाच्या बाटल्यांना बुचं म्हणून लावले, कारण पुरुष म्हणाले की त्यानं कान खाजतात. पाच-सहा वर्षांत एकेकाचे कान गेले. मग बायका ओरडायला लागल्या, त्यांचं ऐकून मुलं ओरडायला लागली, आणि आता रिफायनरी गप्प होऊन कितीतरी वर्षं झाली तरी आम्ही ओरडतोच आहोत.

माझा नवरा ब्रुमे पंपघरात होता. लागला तेव्हा त्याला मुंगी चाललेली ऐकू यायची म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर मीसुद्धा ऐकू येत नव्हते.

"एडिरिनचे बाबा, जेवायला या!"

"कोण आलंय?"

"जेवायला या!"

"मग त्याला सांग, मी घरी नाही."

हे रोजचं. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचा, मग तो वळायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि मी काय म्हणते ते ओठांवरून ओळखायचा. तेही अर्धं. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर तो मनानं द्यायचा. चिखलाचे बूट दारात, रेडिओ भिंती हलतील असा, आणि वर मलाच म्हणणार, "तू फार ओरडतेस, रुके." माझं नाव रुकेवे. तो रागात असला की रुके म्हणतो, लाडात असला तरी रुकेच म्हणतो. फरक आवाजावरून कळत नाही. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. तो एकाच पट्टीत, सपाट, फळीवर फळी आपटल्यासारखं बोलतो.

२

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लेकराच्या नावानं बोलवते, एडिरिनचे बाबा, एफेचे बाबा, असंच. फक्त रिफायनरीच्या फाटकावर नाव घ्यायचं. पाळी सुटली की भोंगा व्हायचा. पुरुष आतून फाटकात आडव्या लावलेल्या साखळीपर्यंत येऊन थांबायचे आणि बाहेर उभी असलेली घरची बाई त्याचं नाव घेऊन हाक मारायची. त्यानं "ओ" म्हटलं की मगच त्यानं साखळी ओलांडायची.

आणि हाक एकदाच मारायची.

हे मला सासूनं सांगितलं. मी नवी सून. गुडघे टेकून "मिग्वो" म्हणून तिला नमस्कार केला, तर तिनं आशीर्वाद देण्याआधी हेच काढलं.

"एक हाक मार. तो 'ओ' म्हणाला की घेऊन ये. 'ओ' आली नाही तर उभी राहा. ऊन असो, पाऊस असो, उभी राहा. कधीतरी तो बघेल. पण दुसरी हाक मारायची नाही."

"का, आई?"

ती कसावा सोलत होती. हातातला कंद सोलून टोपलीत टाकला. मग म्हणाली, "आग लागली होती त्या दिवशी आम्ही फार हाका मारल्या."

त्यापुढे ती काही बोलली नाही. मरेपर्यंत नाही. मीही फार खोदलं नाही. गावागावात असतंच काहीतरी, हे ओलांडू नको, त्याला शिवू नको. माझी शेजारीण, एफेची आई, फाटकावर अकारा, म्हणजे चवळीची भजी, तळून विकते. ती म्हणायची, "काही नाही गं, म्हाताऱ्या बायकांनी आपलं तोंड बंद ठेवायला काढलेली युक्ती आहे. नाहीतर आपण दिवसभर हाकाच मारत बसलो असतो."

पण हाक तीही एकच मारायची.

३

मग रिफायनरी बंद पडली. धुराड्यावरची गॅसची मशाल विझली. आवाज थांबला तेव्हा गावातली तान्ही मुलं एकदम रडायला लागली. त्यांना शांतता ठाऊक नव्हती.

बंद म्हणायचं नाही मात्र. दुरुस्ती चालू आहे, असं म्हणायचं. येत्या डिसेंबरात सुरू होणार. डिसेंबर येतो, नाताळ होतो, मग पुढचा डिसेंबर. पुरुष मात्र रोज भोंग्याला निळा पोशाख घालून आत जातात आणि भोंग्याला बाहेर येतात. आत काय करतात? सोंगट्या खेळतात. जे पंप काही ओढत नाहीत ते पुसतात. आणि मी तो निळा पोशाख धुऊन, खळ घालून, इस्त्री करून देते. कशासाठी, ते विचारायचं नाही.

अशाच एका दिवशी मी चुलीवर गारी, कसाव्याचा आंबवलेला रवा, भाजायला घेतली होती. शेजारच्या पोरीला ढवळायला बसवून फाटकावर आले होते. गारी किती लवकर करपते ते भाजणाऱ्यालाच ठाऊक. भोंगा झाला, पुरुष आले, बायका आपापला नवरा घेऊन चालू लागल्या. आणि ब्रुमे साखळीच्या आत, उजव्या अंगाला, माझ्याकडे पाठ करून उभा. कुणालातरी बकरीची गोष्ट सांगत होता. ती गोष्ट मला पाठ आहे. तिला शेवट नाही.

मी हाक मारली. "ब्रुमे!"

पाठ तशीच. हात मात्र बकरीची शिंगं दाखवत होते.

मी उभी राहिले. ऊन डोक्यावर. एफेची आई सामान आवरत होती. पहारेकरी जोलोमी मला बघून हसला. मला डोळ्यांसमोर गारी दिसत होती, कडेनं काळी पडत जाणारी. आख्खा आठवडा त्या कसाव्यात गेला होता. बकरी आता कुंपणावरून उडी मारत होती.

मी इतकी वैतागले की माझ्याही नकळत ओरडले, "ब्रुमे!"

"ओ!"

लगेच. आणि तो डावीकडून आला, भिंतीच्या कडेनं. मी उजवीकडे बघत होते. तिथे पाहिलं तर पहारेकऱ्याच्या खोलीआड कुणाचीतरी निळी पाठ गेली. म्हटलं, हा वळला कधी आणि इकडून आला कधी?

साखळी ओलांडून तो माझ्याशेजारी उभा राहिला. एफेची आई माझ्याकडे बघत होती.

"दोनदा मारलीस," ती म्हणाली.

"अगं, गारी करपतेय माझी!"

४

घरी आल्यावर त्यानं बूट बाहेर काढले. झटकले, भिंतीला टेकवून ठेवले. मी बघत राहिले. मनात म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी एक गोष्ट डोक्यात शिरली.

स्वयंपाकघरात मी बंगाची आमटी उकळत ठेवली होती. पामच्या फळांचा रस आटत आला की मीठ घालायचं. डब्यात हात घातला तर मीठ नव्हतं. मी आपली स्वतःशीच पुटपुटले, "मीठ संपलं वाटतं."

"आणतो," तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला.

माझ्या हातातला डाव आमटीत पडला.

खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मला बरं वाटलं. घरात ओरडावं लागेना. माझा घसा मऊ झाला. रेडिओ इतका हळू लागायचा की मलाच कान द्यावा लागे. मी मागच्या अंगणातून म्हणावं, पाणी हवंय, की तो बादली घेऊन हजर. एकदाही "काय?" नाही. एकदाही "कोण आलंय?" नाही.

एफेची आई म्हणाली, "कुठलं औषध दिलंस गं? माझ्याही म्हाताऱ्याच्या कानात ओत थोडं."

सापेलेच्या दवाखान्यातल्या नर्सला मी विचारलं. ती म्हणाली, आवाज बंद झाला, कानांना आराम मिळाला, होतं असं कधीकधी. हीच नर्स पूर्वी म्हणाली होती की गेलेले कान परत येत नाहीत. मी तिला तशी आठवण करून दिली तर ती चिडली. "मावशी, नवऱ्याला ऐकू येतंय ही तक्रार घेऊन येणाऱ्या तुम्हीच पहिल्या." रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले. बरोबरच होतं तिचं. कुणाला सांगायला गेलं तर ही तक्रार तोंडातच हास्यास्पद होत होती.

५

मग उत्तरं आधी यायला लागली.

मी कपडे वाळत घालत होते. वाटलं, त्याला बोलवावं, दोरी सुटलीय. हाक मारायला छाती भरून श्वास घेतला. एवढंच केलं.

"ओ," आतून आवाज आला.

मी दोरी तशीच धरून उभी राहिले. स्वतःला समजावलं की आपण बोललो असू. आपल्याला कळतही नाही, वयाबरोबर माणूस पुटपुटायला लागतो. दुसऱ्या दिवशी ओठ घट्ट मिटून उभी राहिले आणि मनातल्या मनात विचार केला, आता बोलवावं का?

"ओ."

त्या दिवसापासून मी नीट बघायला लागले. तो जेवायचा नीट, चालायचा नीट, रविवारी चर्चला पांढरा सदरा घालायचा. हनुवटी, नखं, गुडघा धरून उठणं, सगळं त्याचंच. एकच गोष्ट नव्हती आणि ती काय ते मला कळायला वेळ लागला. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता.

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत आला होता. मी रागावले तरी, रडले तरी, दात दुखत असला तरी. दुसऱ्या बायकांकडे त्यांचे नवरे धड बघतही नाहीत. माझ्याकडे मात्र कुणीतरी सतत असं बघत होतं, जणू मी पुढे जे बोलणार त्यावर त्याचं सगळं अवलंबून आहे. मला त्याचाही वैताग यायचा. आता कुणी बघत नव्हतं. गरजच नव्हती.

उत्तरेचा कोरडा, धुळीचा वारा सुरू झाला होता. दुपारी तो रिफायनरीवरून थेट आमच्या अंगणात येतो. मी ओसरीवर बसले होते आणि तो शेजारी संत्रं सोलत होता. वाऱ्यावर लांबून काहीतरी आलं. सपाट. फळीवर फळी आपटल्यासारखं.

"रुके!"

मी हलले नाही. त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. काही विचारलंही नाही.

"वारा आहे," तो म्हणाला आणि संत्र्याची फोड माझ्यापुढे धरली.

६

मी एफेच्या आईला सांगितलं. ती भजी तळत होती. ऐकता ऐकता तिचा झारा थांबला.

"म्हणजे तुझं म्हणणं काय? तुझा नवरा आत आहे?"

"हो."

"आणि घरी आहे तो?"

"मला माहीत नाही."

"तो मारतो? पितो?"

"नाही गं. सगळं ऐकतो."

"मग रड की बसून," ती वैतागून म्हणाली. "गावातल्या बायका देवाकडे हेच मागतात. तुला मिळालं तर तू म्हणतेस, हा माझा नव्हे." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि, मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलली. "तू दोनदा हाक मारलीस ते मी कुणाला बोलले नाही."

"मग आता परत एकदा मारते. त्याला बाहेर बोलावते."

"मार की."

तेच तर होत नव्हतं. मी फाटकावर जाऊन तोंड उघडायची आणि घरचा तो साखळीपाशी हजर असायचा, "ओ" म्हणून. आवाज फुटायच्या आधी. मी हाक मारली तरी पोचणार होती ती यालाच, आणि ज्याच्यासाठी मारायची त्याला लग्न झाल्यापासून माझं काही ऐकू आलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गावात बातमी आली. रिफायनरी दुसऱ्या कुणाला दिली. जुने कामगार सगळे घरी. शुक्रवारी शेवटची पाळी, त्यानंतर फाटकाला कुलूप, आणि कुलपावर वेल्डिंग, कारण लोक आतलं लोखंड चोरतात. पुन्हा कधी उघडणार? साहेब म्हणाले, डिसेंबरात. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

माझ्याकडे शुक्रवारपर्यंतचा वेळ होता.

७

शुक्रवारी कंपनीनं मंडप घातला. गार पेयं वाटली. कर्ण्यावर गाणी लावली, इतकी मोठ्यानं की क्षणभर जुन्या आवाजाची आठवण झाली. पुरुष एकेक करून बाहेर आले, हेल्मेट आठवण म्हणून काखेत मारून. बायकांनी एकेक हाक मारली. काहीजणी रडल्या.

माझ्या घरचा तो सगळ्यांच्या आधी बाहेर आला होता. माझ्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून उभा होता.

मी जोलोमीला गाठलं. "भाऊ, आत एक माणूस राहिलाय."

"कोण?"

"ब्रुमे."

त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "ताई, ब्रुमेभाऊ तुमच्या मागे उभे आहेत."

"ते मला दिसतंय."

"मग?"

"मग काय मग? आत जाऊन पंपघराकडे बघून ये."

"ताई, सकाळपासून एवढं ऊन आहे," तो म्हणाला, जसं म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं. "ब्रुमेभाऊ, ताईंना घरी न्या. थोडं पाणी द्या."

"नेतो," मागून तो म्हणाला. "चल, जेवण निवेल."

जगात याहून मोठा वैताग नसेल. नवरा हरवला म्हणून सांगायला जावं आणि नवऱ्यानंच समजूत काढावी. दोन गाण्यांच्या मधे कर्णा थांबला आणि आतून आवाज आला. सपाट, मोठा, कंटाळलेला.

"रुके!"

कुणीही मान वळवली नाही. आमच्या गावात कुणाला ऐकू येतंय? मी छत्रीच्या सावलीतून बाहेर पडले, वाकले आणि साखळीखालून आत गेले. मागे जोलोमी ओरडत होता. दुसरं कुणी ओरडलं नाही.

८

लग्न झाल्यापासून मी त्या साखळीपर्यंत रोज आले होते, आत कधी गेले नव्हते. आत गवत होतं, कमरेइतकं. पाइपांवर वेली चढल्या होत्या. टाक्या इतक्या मोठ्या की त्यांच्या सावलीत थंडी वाजत होती. बाहेरची गाणी भिंतीपाशीच तुटली. नुसतं गवत वाजत होतं.

"रुके!"

"ओ!" मी म्हटलं. "आले! तिथेच थांबा!"

"रुके!"

"अहो, आले म्हटलं ना!"

"रुके!"

त्याला कसं ऐकू येणार? तो हाका मारत राहिला आणि मी ओ देत राहिले. हाक आली की ओ द्यायचीच, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. एकदा मी ओ दिली आणि माझ्या पाठोपाठ पलीकडच्या टाकीकडून "ओ" म्हणणारा आणखी एक आवाज आला. बाईचा. रिकामी टाकी आवाज परत फेकते, हे मला ठाऊक आहे. पुढच्या हाकेला तो आवाज माझ्याबरोबरच आला. त्याच्या पुढच्या हाकेला, मला वाटतं, थोडा आधी.

मी पळायला लागले. गवतात पाय अडकले. एका टाकीला वळसा घातला, मग कुठल्या बाजूनं वळले ते मला आठवत नाही. भिंतीच्या कडेकडेनं आले एवढं खरं. आणि डाव्या बाजूनं पंपघराच्या पायऱ्यांपाशी पोचले.

तो पायरीवर बसला होता. माझ्याकडे पाठ, निळा पोशाख, मी घातलेली खळ अजून कडक. तोंड भलतीकडेच करून हाका मारत होता. मी खांद्यावर हात ठेवला.

तो वळला. हनुवटीवर, मी दोनदा हाक मारली त्या सकाळी दाढी करताना कापल्याची खूण होती, अजून ओली. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अगं, किती वेळ?" तो ओरडला. "बकरीची गोष्ट सांगून वळतो तर फाटकावर कुणी नाही! हाक मारायला काय झालं होतं?"

"मारली."

"काय?"

"मारली!"

"आली असशील, पण हाक मारायला काय झालं होतं?"

मी त्याचा हात धरून त्याला उठवलं. उठता उठता माझं लक्ष पंपघराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. उजवीकडे, खिडकीपाशी, एक बाई उभी होती. माझ्यासारखंच कापड नेसलेली. आमच्याकडे पाठ. दोन्ही हात कमरेवर. खिडकीतून आत डोकावत होती, जसं वैतागलेलं माणूस डोकावतं. धावून आल्यामुळे तिचे खांदे वरखाली होत होते.

तिनं वळायच्या आत मी त्याला घेऊन निघाले.

९

फाटकावर जोलोमी डोळे चोळत राहिला. "ब्रुमेभाऊ, तुम्ही परत आत कधी गेलात?" ब्रुमेला काय ऐकू आलं कोण जाणे, त्यानं त्याला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. छत्री धरणारा कुठेच नव्हता. आम्ही चार पावलं गेलो असू तोच मागे वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. ब्रुमे घरी आहे. चिखलाचे बूट दारात असतात. रेडिओनं भिंती हलतात. एफेची आई टाळ्या वाजवून हसली, "आला गं बाई तुझा जुना माल परत! आता बस ओरडत!" काल ती अंगणाच्या दाराशी आली तेव्हा मी म्हटलं, "ये ना." ती थबकली. म्हणाली, "मी हाक तरी कुठे मारली होती अजून?"

मी बूट उचलून बाहेर ठेवते. चिखल पुसते. परवा त्यानं बंगाची आख्खी वाटी धुतलेल्या चादरीवर सांडली. मी चादर काढली, भिजवली, दुसरी घातली. मला काही वाटलं नाही. मी शोधून पाहिलं, जसा फडताळात एखादा डबा हात घालून शोधतात. राग तिथे नव्हता. सगळं होतं, एडिरिनचा जन्म, सासूचा आवाज, ती करपलेली गारी. राग कसा होता हेही आठवतं. तो येत मात्र नाही.

दुपारचा वारा अजून रिफायनरीवरून येतो. त्याच्याबरोबर एक आवाज येतो, बाईचा, बसलेला. ती जोलोमीला बोलते, कंपनीला बोलते, त्या साहेबांना बोलते. लोक म्हणतात, टाक्यांत वारा घुमतो. मला शब्द न् शब्द ऐकू येतो. ती पुढे काय म्हणणार ते मला आधीच कळतं. म्हणून मी खिडकी लावून घेते.

ब्रुमेला काही ऐकू येत नाही. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत असतो. पूर्वीपेक्षा जास्त. जेवताना, रेडिओ ऐकताना, मी पाठ केली तर आरशातून. काहीतरी शोधतो आणि त्याला ते सापडत नाही.

आज दुपारी त्यानं घास खाली ठेवला. "रुके," तो म्हणाला. मला वाटतं त्याला ते हळू म्हणायचं होतं. "किती दिवस झाले, रागावली नाहीस. एकदा ओरड की माझ्यावर."

मला त्याची दया आली. मी तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.

खिडकी लावायची राहिली होती. वाऱ्यावरून, भिंतीपलीकडून, घसा फोडून आवाज आला, "मेल्या, सगळ्या गावाची माणसं घरी गेली, तुला माझी आठवण तरी आहे का रे!"

ब्रुमेनं ते ऐकलं नाही. त्याला फक्त माझं तोंड उघडलेलं दिसलं. त्याचा चेहरा सैल झाला, डोळे भरून आले.

"हां," तो म्हणाला, "आता कसं," आणि ताट पुढे ओढून जेवायला लागला.